हर्षदीपची बहीण

गुडीहत्नूरच्या शाळेत शिकवणारी वृषाली अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा गरोदर राहिली. डाऊन सिंड्रोमची तपासणी करायची का, हे डॉक्टरीणबाईंना उद्या सांगायचं होतं. तिचा धाकटा भाऊ हर्षदीप डाऊन सिंड्रोम घेऊनच जन्मला होता. तो जाऊन सहा वर्षं झाली, तरी दारामागून त्याचं हसू तिला ऐकू येई.

"माय, तवा ही तपासणी असती, तं तू केली असती?"

चंद्रभागाबाईंचं तूर पाखडणारं सूप थांबलं. "केली असती. अन् तो आला नसता."

"मंग मी काय करू?"

"मास्तरीण तू, अन् इचारतं मले? मी तं त्याची बी माय."

सकाळी वृषालीनं डॉक्टरीणबाईंना नाही म्हणून सांगितलं. पण ते ‘नाही’ बाळाकरता होतं की भावाला नाकारल्यासारखं होईल या धाकानं, हे तिला परतीच्या बसमध्येही कळेना.