ओटीपी भावाच्या फोनवर

माण तालुक्यातल्या स्वप्नालीनं साताऱ्याच्या कॉलेजात भूगोल घेतला, तेव्हा घरात कुणी आडवं आलं नव्हतं. रोजचं जाणं-येणं झेपणारं नव्हतं, पण कॉलेजनं तास, स्वाध्याय, चाचण्या, हजेरी सगळं ऑनलाइन पोर्टलवर आणलं होतं. पुष्कळ पोरं त्यावर वैतागायची. स्वप्नालीला मात्र ते लय आवडलं. मेंढरं माळावर सोडून ती बाभळीखाली बसायची आणि न समजलेला तास परत परत ऐकायची. वर्गात तोंड न उघडणारी ही पोरगी पोर्टलवर सरांना बिनधास्त प्रश्न विचारायची.

प्रवेशाच्या वेळी घरात फोन नव्हता, म्हणून नंबर दिला होता थोरल्या भावाचा; पुढं घरात एक जुना फोन आला, पण पोर्टलवर नंबर त्याचाच राहिला. विश्वजित मुंबईत गोदामात कामाला. पोर्टल उघडायचं म्हटलं की ओटीपी त्याच्याकडं जायचा. हिनं फोन लावायचा, त्यानं आकडा सांगायचा. आधी तो हौसेनं सांगायचा.

दिवाळीनंतर विट्याचं स्थळ आलं. "पदवी होऊ दे, मग बघू," स्वप्नाली म्हणाली. विश्वजितला ते लागलं.

"दादा, ओटीपी सांग की. चाचणी सुरू झालीया."

"आधी पाहुण्यांना व्हय म्हण."

"आरं, वेळ संपतोय दादा!"

त्यानं फोन ठेवला. पुढं तो उचलेनासाच झाला.

आई हरणाबाईनं लेकाला विनवलं. वडील आकाराम मेंढरं घेऊन माळावर निघून गेले. घर विश्वजितच्या शब्दावर चालत होतं.

स्वप्नाली एसटीनं साताऱ्याला गेली. कॉलेजच्या ऑफिसातल्या संयोगिता मॅडमनी नंबर बदलायला घेतला, तर पोर्टलनं जुन्याच नंबरवरचा ओटीपी मागितला. मॅडमनी स्वतः विश्वजितला फोन केला.

"आमच्या घरातलं आमी बघतो," तो म्हणाला.

विद्यापीठाला कळवलं. तिथून उत्तर येईपर्यंत परीक्षा होऊन गेली होती. हजेरी नाही, चाचण्या नाहीत, म्हणून तिचा प्रवेश रद्द झाला. त्यानंतर स्वप्नाली स्थळाला नाही म्हणाली नाही. कुणी विचारलंही नाही.

नवरा वाईट नव्हता. त्यानं तिला फोन घेऊन दिला, सिमकार्डही तिच्याच नावावर. "आता शिक की," म्हणाला.

एका दुपारी तिनं पोर्टल उघडलं, नाव टाकलं. अशी विद्यार्थिनी नोंदलेली नाही, असं आलं. तिनं एकेक अक्षर तपासून परत टाकलं. तेच आलं. सासूनं आतून हाक मारली, तशी ती उठून गेली.