गवई दादाच्या घरी गेला

माझ्या मत्सराचं वजन करायचं ठरवलं तर पिंपळगावच्या मार्केटातला ट्रकचा काटाही पुरणार नाही. तो काटा मला लहानपणापासून माहीत आहे, कारण आमचे वडील, म्हणजे नाना, तिथंच आयुष्यभर कांदा तोलत आले. घरातही त्यांनी आम्हा दोघा भावांना तोलूनच वाढवलं. दादाला अर्धी जिलबी, मला अर्धी जिलबी. एखादा वेढा कुणाकडे जास्त गेलाच तर तो नाना स्वतः खाऊन टाकायचे. लग्नात दोघांना एकसारखे अँप्लिफायर दिले. तरीही दादाच्या वाट्याला आलेली प्रत्येक वस्तू मला बोटभर मोठी दिसायची. लहानपणी दोघांना एकदमच गोवर निघाला, तेव्हा त्याच्या अंगावर माझ्यापेक्षा जास्त पुरळ होतं, याचंसुद्धा मला वाईट वाटलं होतं.

आता आम्ही नाशकात गंगापूर रोडला एकाच मजल्यावर राहतो. शेजारी शेजारी घरं, मधे एक भिंत. नाना एक महिना त्याच्याकडे, एक महिना माझ्याकडे. परवाच्या दिवाळीनंतर मात्र ते म्हणाले, "ही पिशवी घेऊन इकडून तिकडं आता नाय होत रे. एकाच घरी राहीन म्हणतो. कुठं, ते बघू."

ते बघू! या दोन शब्दांनी मला अन्न गोड लागेना. दादाच्या घरात काय नाही? गॅलरीत सकाळचं ऊन आहे, वहिनीच्या हातचं पिठलं आहे, जे खायला मंत्रालयातून माणसं येतील. माझ्याकडे काय? नानांचा एक नाद मला पक्का ठाऊक होता, एवढाच काय तो फायदा. नानांना जुनी गाणी लागतात. मोबाईल कानाशी धरून ऐकायचे. डबीत कोंडलेली माशी बरी, असा त्याचा आवाज. मी ठरवलं, स्पीकर घ्यायचे. पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे छोटे, आपल्याला झेपतील असे, पण वाजले की नाना माझ्या सोफ्यात रुतून बसले पाहिजेत.

मग मी अभ्यास सुरू केला. स्पीकरचे इतके व्हिडिओ पाहिले की आमच्या मिक्सरचा आवाज ऐकून मी त्याच्या पात्यांची धार सांगू लागलो. बायको म्हणाली, "अहो, एवढा अभ्यास दहावीला केला असतात तर आज गॅलरीवालं घर आपलं असतं."

हे बोलणं भिंतीपलीकडे गेलंच असणार, कारण दुसऱ्याच दिवशी दादा आला. "बारक्या, मीही नानांसाठी तेच बघतोय. एक जोडी दोघं मिळून घेऊ. जरा बरी येईल." किती चांगलं बोलतो हा माणूस! हीच त्याची वाईट खोड आहे.

नानांना घेऊन आम्ही एम. जी. रोडच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी जी जोडी दाखवली, तिच्या किमतीत एक दुचाकी आली असती. मी म्हणालो, "ऐकायचंय हो, चालवायचं नाहीये." मग त्यानं आवाक्यातल्या दोन जोड्या मांडल्या. पहिलीतून असा दणका निघाला की समोरच्या रसवंतीतले ग्लास सरकले म्हणतात. मला ती आवडली. दादा म्हणाला, "ढोल चांगला आहे, पण माणूस कुठंय?" दुकानदारानं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. "यांना कान आहे," म्हणाला. सहा महिने व्हिडिओ मी पाहिले आणि कान दादाला!

दुसरी जोडी लाकडी, साधी. नाना स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि गाणं सुरू होताच हवेत बोट दाखवत म्हणाले, "गवई तिकडं बसलाय, पंख्याखाली. तबलजी इकडं दाराशी. अन् म्या बरोबर मधी." स्टुलावरून उठेनात, शेवटी दुकानदारानं चहा मागवला. तीच जोडी घेतली.

खरी गंमत लिफ्टमध्ये झाली. दादा म्हणाला, "हा महिना नाना माझ्याकडे आहेत, तेव्हा आत्ता माझ्याकडे लावू. पुढच्या महिन्यात तुझ्याकडे." म्हणजे पहिलं गाणं दादाच्या घरी वाजणार, नाना तिथं डोळे मिटणार आणि कायमचे मिटलेले ठेवणार! मेलेले म्हणत नाही मी, रमलेले म्हणतोय. माझ्या तोंडून निघून गेलं, "वाटणी करू. एक तुझा, एक माझा."

नाना म्हणाले, "बरोबर हाय. दोन नग, दोन भाऊ." तोलाऱ्यासमोर दोन नग आले की त्याचा हात आपोआप चालतो.

मी माझा स्पीकर घरी नेला. खोक्यावर जसं लिहिलं होतं तसा अँप्लिफायरच्या डाव्या बाजूला जोडला आणि नानांना बोलावून तेच गाणं लावलं. तबला वाजला. पेटी वाजली. पुन्हा तबला. गवई काही येईना. आम्ही दोघं असे बसलो होतो, जशी एखाद्या लग्नात सगळी वरात आलीय आणि नवरदेवाचा पत्ता नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून दादाच्या घरातून गवयाचा आवाज आला, अगदी खणखणीत.

मी दादाच्या दारात जाऊन उभा राहिलो. "गाणारा स्पीकर तू घेतलास!"

"आणि तू वाजवणारा! माझ्याकडे बिचारा एकटाच गातोय, ठेका नाही काही नाही. आंघोळीला बसल्यासारखा."

"मग बदल."

आम्ही बदलले. तरी गवई दादाकडेच! मला वाटलं, हासुद्धा वहिनीच्या पिठल्याला भुलला. शेवटी दुकानदाराला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. "अहो साहेब, काही जुन्या गाण्यांत गाणारा एका बाजूला आणि वाजवणारे दुसऱ्या बाजूला असतात. तुम्ही डाव्या बाजूला जोडलंत, त्यांनी उजव्या; नुसते डबे बदलून काय होणार? जोडी फोडली तुम्ही? चपलेचा एक पाय तुम्ही घालता आणि दुसरा भाऊ, असं आहे का तुमच्याकडे?"

हे मी दादाला सांगितलं, पण स्पीकर द्यायला मी तयार नव्हतो. देऊन टाकला असता तर नानांनाही देऊन टाकल्यासारखंच होतं. मग नानांनीच मार्ग काढला. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि दोन घरांच्या मधे, लिफ्टसमोर मांडली. "दोन्ही दारं उघडी ठेवा. अन् एकदम चालू करा." आम्ही दोघांनी आपापल्या मोबाईलवर बोट टेकवून "एक, दोन, तीन" म्हटलं. गवई अर्धं पाऊल पुढं, तबलजी मागं. त्यावर पहिलं बोट कुणाचं पडलं, हे भांडण वेगळं.

चार दिवस नाना तिथंच बसले. लिफ्टमधून उतरणारा प्रत्येक जण थांबायचा. "काय नाना, मुलं घरात घेत नाहीत का?" नाना नुसते हसायचे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तर त्यांना डब्यातून उपमा आणून दिला.

पाचव्या दिवशी दादा आला. काखेत त्याचा स्पीकर, दुसऱ्या हातात नानांची पिशवी. त्यानं माझी पुस्तकं बाजूला सारली, स्पीकर ठेवला, वायर जोडली, दोन्ही स्पीकरची तोंडं सोफ्याकडे वळवली. "नानांना नीट ऐकू येऊ दे," म्हणाला आणि गेला. चप्पलसुद्धा नीट न घालता गेला.

मी जिंकलो. नाना आता कायमचे माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी बायको दूध आणायला गेली तर अख्ख्या सोसायटीत एकच विषय: "भाऊ असावा तर असा." म्हणजे मी नव्हे, तो! देण्यातही हा माझ्या पुढे. मी द्यायला निघालोच होतो, असं मी चार जणांना सांगितलं. एकानंही मान डोलावली नाही.

आता रोज संध्याकाळी नाना सोफ्यावर बसतात आणि गाणं लावण्याआधी म्हणतात, "दादाला हाक मार. त्याच्याबिगर नको." तो येतो. सोफा दोघांचाच आहे. दादा नानांना टेकून बसतो, दोघंही डोळे मिटतात, दोघांची बोटं एकाच वेळी मांडीवर ठेका धरतात. त्यांना तसं बघत मी थोडा वेळ दाराशी उभा राहतो. मग चहा टाकायला आत जातो आणि दादाच्या कपात मुद्दाम आलं जास्त ठेचून घालतो. इतकं, की घोड्याच्या डोळ्यातही पाणी येईल.

दादा पहिला घोट घेतो आणि डोळे न उघडता म्हणतो, "बारक्या, तुझ्यासारखा चहा आमच्याकडे होत नाही रे."

आता याला काय करावं?