कावेरी आटल्यावर

मद्रासहून शिकवण्याची नवी पद्धत शिकून मी तंजावरला परतलो आणि राजवाड्यामागच्या शाळेत आसपासच्या मास्तरांना ती सांगू लागलो. मुलांना प्रश्न विचारू द्या, एवढंच तिचं म्हणणं. त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर मास्तरांना आम्ही नुसतं वाद्यार, म्हणजे तमिळमध्ये मास्तर, म्हणायचो. मी नुसतं पाहिलं तरी ते उठून उभे राहत, अंगवस्त्र कमरेला गुंडाळत आणि तोंडावर हात धरून बोलत, गुरूपुढे शिष्य बोलतो तसे. "बसा हो," म्हटलं की 'सर'चं 'सार' करून म्हणत, "असू दे, सार." मी त्यांच्या मुलाच्या वयाचा. फार अवघडून जाई.

शेवटच्या दिवशी मी हट्टच धरला. "वाद्यार, आज तुम्ही एक तरी प्रश्न विचारायचा."

ते उठले. "कावेरी आटली की मासे कुठं जातात?"

सगळे हसले. मला उत्तर येत नव्हतं. तसं मी सांगून टाकलं.

"मलाही येत नव्हतं, सार. एका पोरानं विचारलं होतं. येत नव्हतं म्हणूनच त्याला छडीनं मारलं. आता तो मोठा झालाय. वाटेत भेटला की असाच उभा राहतो."

तोंडावरचा हात त्यांनी काढला नव्हता.