आईची साक्ष
औषधाच्या दुकानात लाल कॅप्सूल दिसली की मला कामण गावातल्या त्या गोदामातल्या ओल्या पुठ्ठ्यांचा वास येतो. मी बारावीत होते. भाजी विकून मला शिकवणाऱ्या आईला टीबी झाला होता. दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल कॅप्सूलनी ताप उतरला, पण खोकला हटेना, म्हणून शेजारीण तिला गोदामात भरणाऱ्या प्रार्थनेला घेऊन गेली. तिथे प्रार्थना घेणारा ब्रदर म्हणाला, ‘बरी झाले अशी सगळ्यांसमोर साक्ष दे, मगच आजार सुटेल.’ आईला लिहिता येत नव्हतं. तिची साक्ष मीच सुंदर अक्षरात लिहिली आणि तिच्याकडून पाठ करून घेतली. रविवारी तापलेल्या पत्र्याखाली उभी राहून, खोकला दाबत ती म्हणाली, ‘मी पूर्न बरी झाले.’ टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मी कॅप्सूल आणि पाणी पुढे केलं. ‘नको गो बाय. देवासमोर बोलले. आता गोली घेतली तर मीच खोटी ठरेन.’ ‘अगं आई, ते मी लिहिलं होतं!’ ‘म्हनून तर,’ ती हसली, ‘तू शिकलेली. तू खोटं कशाला लिहिशील?’ मी रडले, तिच्या पाया पडले. तिने गोळीसाठी तोंड उघडलं नाही. पावसाळ्याआधीच ती गेली. तिने भाजी विकून साठवलेल्या पैशांवर मी पुढे पदवीधर झाले. आजही कुणी अर्ज लिहून मागितला, की पेन उघडण्याआधी मी विचारते, ‘हे खरं आहे ना?’