मामांचं पहिलं वाक्य

माझे मामा, सिनेनट मधुकर, गेल्या उन्हाळ्यात एका मंगळवारी सकाळी वारले. त्या वेळी ते चिखलीत आमच्या ओट्यावर बसून पोहे खात होते. निधनाची बातमी मी दिली होती.

मामा मूळचे रोहिणखेडचे. मुंबईत त्यांनी आयुष्य काढलं ते भिंतीवर. नायकाचे स्वर्गवासी वडील, नायिकेचे स्वर्गवासी सासरे, एकदा तर खलनायकाचेही स्वर्गवासी वडील (तिथे हार प्लास्टिकचा होता). चेहरा इतका सज्जन, की जिवंत माणसाच्या भूमिकेत तो वाया जाईल, असं दिग्दर्शकांचं मत. फोटो काढून दिला की काम संपलं. संवाद नाही, नामावलीत नाव नाही.

आणि त्या उन्हाळ्यात त्यांना वाक्य मिळालं! घरगड्याची भूमिका होती. दिवाणखान्यात धावत यायचं आणि म्हणायचं, "मालक, पूल वाहून गेला!" चित्रीकरणाला आठवडा होता. पाठांतरासाठी मामा आमच्याकडे आले आणि पहाटेपासून ओट्यावर उभं राहून ओरडू लागले. आमचा दूधवाला लांबच्या रस्त्याने येऊ लागला.

"मधू, एकदाचा वाहून जाऊ दे नं बाबू तो पूल," आई म्हणाली.

"ताई, जन्म गेला माहा भिंतीवर. आता कुठी तोंड उघडून राह्यलो, त उघडू दे नं!"

मी चिखलीहून एका दैनिकाला बातम्या पाठवतो. मामांवर लेख लिहायचं मीच ठरवलं. फोटो मागितला, तर त्यांच्याकडे एकच बरा होता. कपाळाला गंध, गळ्यात झेंडूचा हार, पुढे उदबत्ती.

"मामा, दुसरा नाही काय?"

"काऊन? हाच त पुरावा हाये बे, मी नट असल्याचा!"

मला ते पटलं. (पत्रकारितेची पदवी आहे माझ्याकडे.)

लेख आणि फोटो मी मोबाइलवरून वेगवेगळे पाठवले. पान लावणाऱ्याने हार पाहिला आणि फोटो निधन वार्तांच्या चौकटीत बसवला. तिथे जागा दोन बोटं होती, म्हणून त्याने माझ्या लेखाची फक्त पहिली ओळ घेतली: "रोहिणखेडच्या मधुकर यांनी पडद्यावर मूकपणे आयुष्य वाहिले." नावाआधी "कै." त्याने स्वतःच्या पदरचं घातलं.

आईने पेपर वाचला. आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मामांनी पेपर हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवला.

"पेपरात पह्यल्यांदा नाव आलं बे माह्यं," ते म्हणाले.

दुपारी रोहिणखेडहून जीप आली. सगळ्यांत पुढे सुभद्राकाकू, मामांच्या लहानपणच्या शेजारीण. डोळ्यांवर पदर घेऊन त्यांनी फाटकापासूनच गळा काढला आणि रीतीप्रमाणे समोर आलेल्या पहिल्या माणसाच्या गळ्यात पडल्या. तो माणूस म्हणजे मामाच.

"गेला वं माय! मधू गेला! सोन्यासारखं पोरगं!"

"बसा काकू. पानी घ्या."

"कसा गेला रे?"

"काकू, मीच मधू."

काकूंनी पदर काढला, नीट पाहिलं आणि किंचाळल्या! मग भडकल्या. "मेल्या, जित्ता हायेस त सांगाले काय झालं होतं? जीप करून आलो आम्ही!"

दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून त्यांनी पिठलं-भाकरी बांधून आणली होती. ती परत न्यायची नसते म्हणे! मामा स्वतःच्या दुखवट्याचं पिठलं जेवले. सोबत ठेचा नाही म्हणून कुरकुरलेही.

तोवर पेपरचं कात्रण मोबाइलवरून मुंबईला पोहोचलं होतं. मामांनी कलाकार पुरवणाऱ्या माणसाला फोन लावला.

"साहेब, मी मधुकर बोलतोय. मी जिवंत आहे."

"मुलगा का? फार वाईट झालं हो."

"मीच तो! आवाज ओळखा ना साहेब!"

"आवाज? तो आम्ही कधी ऐकलेलाच नाही." मग त्याने पेपरातली दुरुस्ती पाठवायला सांगितली.

दुरुस्ती मी स्वतः लिहिली. दुसऱ्या दिवशी ती छापून आली: "कालच्या अंकातील निधन वार्तेत उल्लेख झालेली व्यक्ती हयात आहे." दिलेल्या जागेत मजकूर नेमका बसला, याचं मला समाधान होतं. मामांनी ती दोनदा वाचली.

"याच्यात माह्यं नाव कुठी हाये बे?"

नव्हतं.

"ही व्यक्ती म्हणजे कोण?" मुंबईच्या माणसानेही तेच विचारलं. तोवर त्याने दुसरा घरगडी ठरवला होता. दिवाणखान्यात मालकाच्या वडिलांचा फोटो मात्र हवा होता. मामांचा त्याच्याकडे होताच.

चित्रपट दिवाळीनंतर मलकापूरला लागला. आई, मामा आणि मी पाहायला गेलो. मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. दिवाणखान्याच्या भिंतीवर हार घातलेले मामा होते. खाली एक तरुण गडी धावत आला, थबकला, त्याने श्वास घेतला.

अंधारात माझ्या शेजारी मामा उभे राहिले.

"मालक, पूल वाहून गेला!"

खणखणीत आवाज! पडद्यावरच्या गड्याच्या आधी. सगळं थिएटर आमच्याकडे वळलं.

मी मामांचा सदरा ओढला. "मामा, खाली बसा. लोक पाहून राह्यले."

मामा खाली बसले.