वाघाटीनं धरलेला हिंमतराव

जानेफळचा हिंमतराव नावाचाच हिंमतवान. बैलानं नुसती मान हलवली तरी हा दोन हात मागं सरायचा, आणि बायको अन्नपूर्णाबाई पुढं होऊन कासरा धरायची. गावात त्याला कोणी विचारत नसे. मी तिथला पटवारी. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडल्यापासून कागद एवढे वाढले होते, की मीही विचारत नव्हतो.

आषाढातली द्वादशी होती. वाघाट्याची भाजी खाल्ल्याशिवाय अन्नपूर्णाबाई एकादशीचा उपास सोडत नसे. वाघाटं म्हणजे लिंबाएवढं रानफळ, कडू जहर. त्याचा वेल, म्हणजे वाघाटी, झाडावर चढतो आणि त्याला वाघनखासारखे वाकडे काटे असतात. त्या वर्षी द्वादशी दुपारपर्यंतच होती. तेवढ्यात भाजी पानात पडली नाही तर व्रत मोडणार, म्हणून हिंमतराव उजाडताच ओढ्याकडं गेला.

फळं मिळाली, पण वेलानं सदरा पकडला. सदरा सोडवला तर धोतर, धोतर सोडवलं तर मुंडासं. तेवढ्यात पलीकडून शालिग्राम कोतवाल चालला होता. हिंमतराव ओरडला, "वाघाटीनं धरलं वो!" शालिग्रामानं त्यातलं 'वाघा' एवढंच ऐकलं आणि धूम ठोकली ती थेट चावडीवर. पुढचं ऐकायला थांबेल तो कोतवाल कसला!

पुंजाजी पाटील काठ्या-कुऱ्हाडी घेऊन माणसं जमवतात, तोवर अर्धा सदरा वेलावर सोडून हिंमतराव स्वतःच आला. पाठ रक्तानं माखलेली, बगलेत फळांचं गाठोडं. लोकांनी त्याला खांद्यावरच घेतलं.

"काय बे हिंमत्या, वाघाले कसं हाणलं?" पाटलांनी विचारलं.

"मी कुठं हाणलं, मी तं..."

"पाहा, गर्व नावाले नाही!"

कोणीतरी गळ्यात हार घातला, कोणी पंख्यानं वारा घालू लागलं. हिंमतरावानं हार नीट केला. त्याला ते आवडत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटला. त्यात कालच्या उपासानं माझं डोकं भणभणलेलं, आणि पाटील म्हणतात, रिपोर्ट लिहा! लिहिला. 'वाघाने झडप घातली असता सदर इसमाने' इथवर मी आलो होतो.

"गाडी जुंपा रे! मेहकरले तहसीलदारापुढं उभा करतो याले," पाटील म्हणाले.

हिंमतरावानं उन्हाकडं पाहिलं. "पाटील, मी जरा घरी जाऊन येतो."

"मेहकरहून आल्यावर जाय न बे! घर काय पळून जाऊन राह्यलं?"

त्यानं गाठोडं चाचपलं, हाराकडं एकदा पाहिलं, आणि खाली मान घालून म्हणाला, "पाटील, वाघ नव्हता. वाघाटी होती."

त्यानंतर चावडीवर जे हसू फुटलं, ते बाजारापर्यंत ऐकू गेलं असेल. हिंमतराव घराकडं पळत सुटला. मी मात्र जळून खाक! सरकारी कागद नासला होता, आणि खाडाखोडीवर त्याचा अंगठा हवा होता. मीही मागोमाग गेलो.

वाघाची बातमी घरी आधीच पोचली होती. नवरा वाचला म्हणून मनकर्णाबाई शेजारणीनं अन्नपूर्णाबाईची ओटीसुद्धा भरली होती. अन्नपूर्णाबाईनं नवऱ्याला बसवलं आणि पाठीला तेल-हळद लावू लागली. त्यानं चावडीवरचं सगळं सांगितलं, तसा तिचा हात थांबला.

"सांगून टाकलं तुमी?"

"तुही द्वादशी चालली होती न."

"जाऊ द्याची होती! उपास काय, पंधरा दिवसांनी दुसरा येते. वाघ काऊन सोडला तुमी?" तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. "आत्ताच पाटलीणबाईनं वाड्यावर बोलावून मले पाटावर बसवलं होतं वो. जलमात पहिल्यांदा."

"तू उपाशी होती न," तो म्हणाला.

ती चुलीपाशी गेली. भाजी केली, पान वाढलं, आणि दुपार व्हायच्या आत पहिला घास माझ्यादेखत त्याच्या तोंडात घातला. वाघाट्याच्या कडूपणानं त्याचं तोंड असं वाकडं झालं, की ती हसता हसता रडू लागली. अंगठ्याचं मी विचारलंच नाही.