देवघरातला काळा दगड

नारायण पेठेतली ती घटना आजही आठवते, आणि आठवली की राग येतो. पेठेतली पोरं तेव्हा कॉम्प्युटर शिकून भराभर अमेरिकेला चालली होती. अशाच एका घरातून चौकीला फोन आला: देवघरात चोरी झाली आहे, कामवालीला धरून ठेवलंय, लवकर या.

महिला शिपाई घेऊन मी गेलो. कामवाल्या मावशी जिन्याशी उभ्या, भोवती शेजारी. चांदीची वाटी आणि तिच्यातला एक काळा दगड गेला होता. धाकट्या मुलाने तो हवाई बेटांवरून आणला होता. सुटी संपवून तो त्याच संध्याकाळी परत निघायचा होता, आणि फिर्याद त्याचीच. मावशी एवढंच म्हणत होत्या की, पोलीस गाडीतून नेलंत तर पेठेत मला कोणी दारात उभं करणार नाही. खरंच होतं ते.

पंचनाम्यासाठी देवघरासमोर बसलो. चांदीची समई, निरांजन, सगळं जागच्या जागी. मुलाच्या आई वाटीबद्दल अवाक्षर काढत नव्हत्या. दगडासाठी मात्र हुंदके देत होत्या. आणि दगडाच्या जागी अक्षतांवर सुपारी मांडलेली. देव उजळायला दिला की त्याची जागा रिकामी ठेवत नाहीत, तशी. अहो, चोर कशाला सुपारी मांडेल? पूजा कोण करतं, विचारलं. वडील.

त्यांना आतल्या खोलीत नेऊन दार लावलं. निवृत्त शिक्षक, हृदयविकाराचे पेशंट. बसल्या बसल्या म्हणाले, "हल्ली दगडांचीही फिर्याद घेता वाटतं?"

उलटसुलट विचारलं, पण गडी दाद देईना. शेवटी मी उठलो. म्हटलं, ठीक आहे, मावशींना चौकीत नेतो, तुमची पूजा चालू द्या. तेव्हा त्यांनी माझी बाही धरली.

"थोरला तिकडे समुद्रात बुडाला," ते हळूच म्हणाले. "मला सोसायचं नाही म्हणून या मायलेकांनी सांगितलं नाही. धाकटा त्याच्या नावाच्या ईमेल फोनवर वाचून दाखवतो. साहेब, थोरला माझ्याशी भांडल्याशिवाय एक वाक्य बोलायचा नाही. या ईमेल फार गोड असतात."

संशय होताच; परवा रात्री मायलेकांचं बोलणं कानावर पडलं आणि सगळं कळलं. दगड त्याच किनाऱ्यावरचा. आईंनी तो मुलगा म्हणून पूजेत ठेवला होता. पण तिथले लोक म्हणे मानतात की बेटावरचे दगड ज्वालामुखीच्या देवीचे, नेईल त्याच्यामागे संकट लागतं. हे धाकट्यानेच हसत हसत सांगितलेलं. एक गेला, हा तरी राहू दे, म्हणून वडिलांनी दगड वाटीसकट त्याच्या बॅगेत तळाशी घातला. तो तिकडे पोहोचला की, दगड किनाऱ्यावर परत ठेव, असं फोनवर सांगणार होते. आता कबूल करावं, तर त्यांना सगळं ठाऊक आहे हे बायकोला कळणार. "माझ्यासमोर हसायचं म्हणून तर ती अजून उभी आहे," ते म्हणाले.

मी दार उघडून धरलं. ते बाहेर गेले आणि बायकोला म्हणाले, "दगड मी ठेवलाय बॅगेत. थोरल्याजवळ नेऊन ठेवू दे धाकट्याला." "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," म्हणत आई त्यांच्या पायाशी बसल्या. धाकटा रडायला लागला. मला काही बघवेना.

मावशी अजून जिन्याशीच होत्या. "जाऊ का साहेब? दोन घरची भांडी पडलीत." आईंनी उठून त्यांचे हात धरले, उद्या याल ना, म्हणून विचारलं. मावशींनी हात सोडवून घेतले आणि पायऱ्या उतरल्या.

घरातली माणसं एकमेकांना जपायला गप्प बसतात, तेव्हा चौकशीला बाहेरचं माणूस उभं राहतं. हे तिथे कळलं. त्यानंतर अशा गुन्ह्यात मी आधी घरच्यांचे जबाब घ्यायचो, मग कामाच्या माणसांचे. मावशी समोरच्या बिऱ्हाडात काम करत राहिल्या. त्या दारात मात्र त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.